काकांची ट्रंक आणि एक थांबलेले विमान

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. परतीचे विमान सकाळचे होते, म्हणून तिने आदल्या रात्रीसाठी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरच एक खोली घेऊन दिली. "बाबा, तुम्हाला जुन्या गोष्टींचे वेड आहे. एक रात्र जुन्यातच झोपा," ती म्हणाली.

त्या हॉटेलचे नाव टीडब्ल्यूए. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ही विमान कंपनी २००१ मध्ये संपली, पण तिचे टर्मिनल उभे राहिले. फिनलंडमध्ये जन्मलेले वास्तुविशारद ईरो सारिनेन यांनी ते रचले. चार वाय-आकाराच्या खांबांवर पेललेली काँक्रीटची चार कवचे दुरून पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसतात. सारिनेन १९६१ मध्ये वारले आणि टर्मिनल १९६२ मध्ये उघडले. आठच वर्षांत, १९७० मध्ये, जंबो जेट सेवेत आले आणि एवढे देखणे टर्मिनल तोकडे पडू लागले. १९९४ मध्ये शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. कंपनी गेल्यावर वास्तू पाडली गेली नाही याचे मोठे श्रेय या दर्जाला आहे. जवळजवळ अठरा वर्षे ती रिकामी होती. मे २०१९ मध्ये तिचे हॉटेल झाले. जुन्या इमारतीत खोल्या नाहीत. त्या मागच्या दोन नव्या इमारतींत आहेत, एकूण ५१२. जुनी वास्तू म्हणजे हॉटेलचा दिवाणखाना.

आत सारे १९६२ चे. लाल गालिच्यांच्या बोगद्यांतून चालत जायचे. उड्डाणांच्या फलकावर अक्षरांच्या पट्ट्या खटखट उलटतात. खोलीत तबकडीचा फोन, आणि तो खरोखर चालतो. धावपट्टीकडची काच इतकी जाड, की विमान उठताना दिसते, पण ऐकू येत नाही. बाहेर एक जुने लॉकहीड कॉन्स्टेलेशन उभे आहे, त्यात मद्यपानगृह आहे. त्या विमानाला सगळे लाडाने 'कॉनी' म्हणतात.

कॉनीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. अकोले तालुक्यातून मुंबईला पोट भरायला गेलेल्या माणसांच्या नोंदी गोळा करणे हा माझा गेल्या वीस-बावीस वर्षांचा उद्योग. पण कॉन्स्टेलेशन मला परके नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबईहून लंडनला गेलेले पहिले विमान याच जातीचे होते. नाव 'मलबार प्रिन्सेस', वाटेत थांबे कैरो आणि जिनिव्हा. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातले ४८ जण गेले. टीडब्ल्यूएची विमानेही त्या काळात मुंबईला येत. म्हणजे आज जिथे प्रवासी दारूचा ग्लास घेऊन फोटो काढतात, त्या विमानाच्या भावंडांनी सांताक्रूझची धावपट्टी पाहिलेली आहे.

सांताक्रूझवर माझे चुलते होते. १९६४ पासून निवृत्तीपर्यंत ते तिथे सामान चढवणारे हमाल. कोणत्या कंपनीत, हे इथे महत्त्वाचे नाही. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यात सामानाला लावायच्या कागदी चिठ्ठ्यांचे गठ्ठे आहेत, दोन वेळापत्रके आहेत आणि एक वही आहे. वहीत रोज किती गाड्या सामान चढवले त्याची पेन्सिलने नोंद आहे. पावसाळ्यातल्या पानांवर "पाणी" एवढाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पावसाचा हा जाच जुना आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पण जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून टाटांची विमाने तेवढे महिने पुण्याहून उडत.

त्या हॉटेलातल्या छोट्या संग्रहालयात हवाई सुंदरींचे गणवेश नीट इस्त्री करून मांडले आहेत. दर काही वर्षांनी बदललेला रंग, बदललेली टोपी. मी हमालाचा सदरा शोधत राहिलो. हमालांचे तिथे काहीच दिसले नाही. रात्री पडल्यापडल्या मनात आले, ही जपणूक खरी आहे, पण निवडलेली आहे. प्रवाशाला जे दिसत होते तेवढेच परत उभे केले आहे. विमानाच्या पोटात वाकून जो पेट्या रचत होता, तो तेव्हाही दिसत नव्हता आणि आताही दिसत नाही. आवाज गाळणारी ती काच मला त्या रात्री फार नेमकी वाटली.

म्हणून ती वास्तू जपायला नको होती, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे काय झाले ते पाहावे. एअर इंडियाने १९७१ मध्ये हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन केले. मुंबई विमानतळाशेजारचे सेंटॉर हे त्यांचेच हॉटेल, गोलाकार बांधणीचे. अर्धा माणूस, अर्धा घोडा असा धनुर्धारी हे एअर इंडियाचे बोधचिन्ह, त्यावरून हे नाव. २००२ मध्ये ते विकले गेले, आणि आज ते सहारा स्टार आहे. गोल आकार राहिला, धनुर्धारी गेला. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला महाराजा लोकांच्या लक्षात राहिला. कंपनी २०२२ मध्ये टाटांकडे परतली. चिन्हे टिकतात, खरेदीखते टिकतात. जिथे माणसे राबली त्या जागांची आठवण सांगणारी एखादी भिंतही टिकत नाही.

काका सेंटॉर रोज बाहेरून पाहत. आत कधी गेले नाहीत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "आपलं काय काम तिथं?"

आता शिर्डीचे विमानतळ आमच्याच जिल्ह्यात, काकडीला, २०१७ पासून सुरू आहे. तिथे सामान चढवणाऱ्या पोरांत आमच्या भागातली पोरे असतील. त्यांच्या वह्या कोण ठेवणार?

परत आल्यावर पहिले काम केले ते ट्रंक उघडण्याचे. पुतण्या म्हणाला होता, जुन्या वस्तू घेणारा एक जण चिठ्ठ्यांना चांगला भाव देतो. वही मात्र त्याला नको, तिच्यावर चित्र नाही. मला मोह झाला नाही असे नाही. घराचे पत्रे बदलायचे आहेत. अखेर चिठ्ठ्यांमधल्या निम्म्या दिल्या. वही दिली नाही. तिची पाने एकेक करून उतरवून काढतो आहे. तारीख, गाड्यांची संख्या आणि जिथे असेल तिथे "पाणी". आत्तापर्यंत १९७१ च्या जुलैपर्यंत आलो आहे.