अंकुरावर दिलेले कर्ज

दादासाहेब फाळके यांचे चरित्र आपल्याकडे बहुधा त्यागकथा म्हणून सांगितले जाते. हरिश्चंद्राला पडद्यावर आणणारा स्वतःच हरिश्चंद्र झाला, हे साधर्म्य कोणत्याही चरित्रकाराला मोहात पाडील असेच आहे. परंतु या मोहात एक साधा प्रश्न मागे पडतो. विदेशी चित्रे दाखवण्याचा धंदा मुंबईत चालत होता. येथे कथाचित्रे तयार करण्याचा धंदा मात्र जवळजवळ नव्हताच. अशा धंद्यात पैसा कोणी घातला, आणि कशाच्या भरवशावर?

पहिला पैसा घरचाच होता. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळक्यांनी सुमारे १०,००० रुपये उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. विद्या आली, यंत्रे आली. भांडवल उरले नाही.

येथे फाळक्यांनी जे केले ते विलक्षण आहे. सावकारासमोर त्यांनी हिशेब मांडला नाही, चित्र मांडले. कुंडीत वाटाणे पेरून, महिन्याहून अधिक काळ थोडेथोडे चित्रण करून, त्यांनी बीजाचा वेल होताना मिनिटभरात दाखवला. ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म निवडक मंडळींना दाखवण्यात आली. त्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. जी कला अजून कागदावरही पटवता येत नाही, ती आधी थोडी करून दाखवायची, ही युक्ती पुढेही वारंवार उपयोगी पडली. २००५ च्या नोव्हेंबरात सिक्वोया कॅपिटलने यूट्यूबमध्ये ३५ लाख डॉलर गुंतवले, तेव्हा त्या कंपनीचे वय नऊ महिने होते आणि तिच्यावरचे पहिले चित्रण प्राणिसंग्रहालयातील हत्तींसमोरचे, वीसएक सेकंदांचे होते. तेथेही पैसा मिळाला तो अंकुराकडे पाहूनच.

तरीही कर्जाने सारे भागले नाही. सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. शिवाय कंपनीतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, ही त्यांची गुंतवणूक कोणत्याच खतावणीत चढली नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कर्ज देणाऱ्यांची नावे इतिहासात ‘साहाय्य करणारे’ म्हणून नोंदली गेली. सरस्वतीबाईंची नोंद ‘पतिव्रता’ म्हणून झाली. धनको आणि भागीदार यांतला भेद आपल्या वाङ्मयीन इतिहासलेखनाने कधी नीट केला नाही, तो असा.

पुढे १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने यश दिले आणि १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भांडवलदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली. आता पैशाची वाण नव्हती. वाण होती ती मोकळिकीची. खर्चाला आवर हवा हे भागीदारांचे म्हणणे गैर नव्हते, आणि तंत्राला काटकसर सोसत नाही हे फाळक्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. अखेर ते कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले, पण पूर्वीचे स्वामित्व परतले नाही.

म्हणून या कथेत सावकाराला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. १९१२ चा पैसा माणसावर विसंबला होता, १९१८ चा पैसा धंद्यावर. पहिल्यात बुडण्याची भीती मोठी, पण कलावंताला मोकळीक. दुसऱ्यात सुरक्षितता, पण पावलोपावली विचारणा. ‘कालियामर्दन’सारखे (१९१९) चित्र त्या दुसऱ्या पैशातूनच निर्माण झाले, हेही विसरता येत नाही. कलेच्या इतिहासात आपण प्रतिभेची वंशावळ मांडतो. तिच्या शेजारी पैशाची वंशावळही मांडली, तर त्यागकथेची भव्यता कदाचित कमी होईल, पण सरस्वतीबाईंचे नाव पहिल्या भागीदाराच्या जागी लिहावे लागेल.