मंदिर गेलं, पाठ उरला

जेरुसलेम, इ.स. ७०

तुम्ही जेरुसलेमच्या तटाच्या आत अडकला आहात. वसंत ऋतूत, पेसाख म्हणजे वल्हांडणाच्या सणासाठी गावोगावची माणसं शहरात आली आणि रोमन सेनापती टायटसने वेढा आवळला. आता भर उन्हाळा आहे. शहरातल्या ज्यू बंडखोरांच्या गटांनी आपापसांतल्या भांडणात धान्याची कोठारं जाळून टाकली, तेव्हापासून उपासमार सुरू आहे. तुमच्या शेजारची बाई चामड्याचा तुकडा चावते आहे आणि तुम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

ज्यू पंचांगाच्या आव महिन्यातली नवमी. टेकडीवरच्या मंदिरातून धूर निघतो, मग ज्वाळा. हेरोद राजाने ज्याचा विस्तार केला, ते मंदिर जळतं आहे. आचेने चुनखडीचे दगड तडकतात, त्याचा आवाज गल्ल्यांतून ऐकू येतो. सात फाट्यांची सोन्याची दीपमाळ रोमन शिपाई उचलून नेतात. रोममधल्या टायटसच्या कमानीवर ती मिरवणूक दगडात कोरलेली आहे आणि आजही पाहता येते.

यज्ञबली फक्त याच मंदिरात देता येत असे. पापक्षालन इथेच, वर्षातले तिन्ही यात्रेचे सण इथेच. मंदिरच उरलं नाही तर ज्यू असणं म्हणजे काय, हा प्रश्न आज रात्री जिवंत राहिलेल्या प्रत्येकासमोर आहे.

उत्तर शोधायला तुम्हाला किनारपट्टीजवळच्या याव्ने या गावी जावं लागतं. परंपरा सांगते, की योहानन बेन झक्काई या वृद्ध गुरूला त्याच्या शिष्यांनी शवपेटीत झोपवून वेढ्याबाहेर काढलं. मृतदेह म्हणून बाहेर पडलेला हा माणूस रोमन सेनापती व्हेस्पासियनसमोर उभा राहिला आणि त्याने शहर मागितलं नाही, सिंहासन मागितलं नाही. याव्ने आणि तिथले विद्वान मागितले. कथेतला तपशील कसाही असो, याव्नेला विद्वान जमले हे खरं. तुम्ही त्यांच्यात जमिनीवर बसा. इथे धूप नाही, वेदी नाही. कुणीतरी वचन म्हणतो, दुसरा त्यावर शंका काढतो, तिसरा तोडगा सांगतो. यज्ञाची जागा प्रार्थना, अभ्यास आणि परोपकार घेणार, हे इथे ठरतं आहे. पुढे इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी या चर्चांचं संकलन करतो. त्याचं नाव मिश्ना. धर्माचं केंद्र आता पाठीवर टाकून कुठेही नेता येतं.

फुस्तात, ११७० च्या सुमारास

अकराशे वर्षं ओलांडून तुम्ही नाईलच्या काठी, जुन्या कैरोत उतरता. बेन एझरा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, भिंतीत उंचावर एक भोक आहे. शिडी चढून तुम्ही हातातला जीर्ण कागद आत टाकता. ही गेनिझा. ज्यावर ईश्वराचं नाव असू शकतं असा कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही, हा नियम. पण फुस्तातचे लोक हिब्रू लिपीत लिहिलेलं जवळजवळ काहीही इथेच टाकतात: लग्नाचे करार, घटस्फोट, मालाचे हिशेब, वैद्याच्या चिठ्ठ्या, मुलांनी गिरवलेली मुळाक्षरं. भाषा बहुतेक अरबी, अक्षरं हिब्रू. त्यांत हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रंही आहेत. ट्युनिशियाहून आलेला अब्राहम बेन यिजू मंगळूरला बरीच वर्षं राहिला आणि तिथे पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता, हे आपल्याला याच कागदांमुळे कळतं.

शिडी उतरून एका घरात चला. घर मोझेस बेन मायमोन यांचं, जग त्यांना मायमोनिडीज म्हणून ओळखतं. जन्म स्पेनमधल्या कोर्डोव्याचा. अल्मोहाद घराण्याच्या कडव्या राजवटीमुळे कुटुंब घर सोडून फिरत फिरत इथवर आलं. घर चालतं धाकट्या भावाच्या, डेव्हिडच्या व्यापारावर. थोरला भाऊ ग्रंथ लिहितो. आज तांबड्या समुद्राच्या काठावरच्या अयधाब बंदरातून डेव्हिडचं पत्र आलं आहे. तांडा सोडून एकाच सोबत्यासह त्याने वाळवंट पार केलं. अयधाबला निळीखेरीज घेण्याजोगं काही मिळालं नाही, म्हणून तो जहाजाने हिंदुस्थानला निघतो आहे. काळजी करू नका, असं तो घरच्यांना बजावतो.

जहाज हिंदी महासागरात बुडालं. डेव्हिड गेला, त्याच्याजवळचा दुसऱ्यांचा पैसाही गेला. थोरला भाऊ जवळजवळ वर्षभर तापाने आणि दुःखाने अंथरुणाला खिळला. कित्येक वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही त्याचा शोक ओसरलेला नाही. मग पोटासाठी त्याने वैद्यकी पत्करली आणि सलाउद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला. रोग्यांनी भरलेल्या दिवसांतूनच त्याने ज्यू धर्मशास्त्राची संहिता पुरी केली आणि ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला. १२०४ साली तो वारला.

डेव्हिडचं ते पत्र भिंतीतल्या भोकात पडलं. १८९६ साली केंब्रिजचे विद्वान सोलोमन शेख्टर धूळ खात त्या कोठडीत उतरले आणि तिथली जवळजवळ दोन लाख पानं आणि तुकडे घेऊन परतले. डेव्हिडचं पत्र आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे.

कॅस्टिलची वाट, जुलै १४९२

जानेवारीत स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, ग्रानाडा, पडलं. ३१ मार्चला स्पेनचे राजा-राणी फर्डिनंड आणि इझाबेला यांनी ज्यूंसाठीच्या फर्मानावर सही केली: बाप्तिस्मा घ्या किंवा जुलैअखेर राज्य सोडा. सोनं, चांदी, नाणी नेता येणार नाहीत. राजाचा अर्थव्यवहार सांभाळणारे इसाक अब्राबानेल यांनी पुन्हा पुन्हा विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. तेही निघाले.

तुम्ही पोर्तुगालकडे जाणाऱ्या गर्दीत चालता आहात. त्या काळच्या एका ख्रिस्ती पाद्र्याने लिहून ठेवलं आहे, की घराच्या बदल्यात गाढव आणि द्राक्षमळ्याच्या बदल्यात थोडंसं कापड मिळत होतं. बारा वर्षांवरच्या मुलींची घाईघाईने लग्नं लावली गेली, वाटेत कुणाचा तरी आधार असावा म्हणून. माणसं पडतात, उठतात, कुणी वाटेतच मरतं, कुणी जन्मतं. खचलेल्यांना उभारी यावी म्हणून रब्बी बायका-मुलांना डफ वाजवत गायला सांगतात.

ज्यांनी पोर्तुगाल गाठलं त्यांच्यावर पाच वर्षांतच, १४९७ साली, तिथे सक्तीने बाप्तिस्मा लादला गेला. जे ऑटोमन राज्यात पोचले त्यांना सुलतान दुसऱ्या बायझिदने थारा दिला. १४९३ साली इस्तंबूलमध्ये स्पेनहून आलेल्या इब्न नहमियास बंधूंनी हिब्रू धर्मशास्त्राचा ग्रंथ छापला. त्या साम्राज्यातला हा पहिला छापखाना. घर गमावून वर्ष-दीड वर्ष झालं नाही तोच हे लोक खिळे जुळवत होते.

गोवा, १५६३

आता तुम्ही मांडवीच्या काठी आहात. गार्सिया द ओर्ता हे साठीतले वैद्य आपल्या पुस्तकाची नुकती छापून आलेली प्रत हाताळत आहेत. आई-वडील स्पेनहून पोर्तुगालला पळालेले ज्यू. सक्तीच्या बाप्तिस्म्यानंतर कुटुंब कागदोपत्री ख्रिस्ती. ओर्ता १५३४ साली गोव्याला आले. त्यांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलं, घारापुरीची लेणी पाहिली. दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकात आंबा आहे, नारळ आहे, विड्याचं पान आहे आणि इथले लोक ज्याला मोडशी म्हणतात त्या पटकीचं वर्णन आहे. ग्रीक पंडितांनी काय लिहिलं यापेक्षा आपल्या डोळ्यांना काय दिसलं याला ओर्ता अधिक मान देतात.

त्यांच्या मनात आणखी काय आहे ते ते बोलत नाहीत, कारण तीन वर्षांपूर्वी गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं आहे. १५६८ साली ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आलं. १५८० साली न्यायासनाने ओर्तांची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. तोवर त्यांच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश युरोपभर वाचला जात होता. तो न्यायासनाच्या हाताबाहेर गेला होता.

मुंबई, १८४६

पेसाखची रात्र आहे. मांडवी भागात, सॅम्युअल इझेकियल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेल्या सिनेगॉगच्या परिसरातल्या एका घरात तुम्ही पंगतीला बसला आहात. ही माणसं बेने इस्रायल. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी त्यांची परंपरा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं; नऊवारी नेसलेल्या बायका; बोलणं तुमचं-आमचं.

यजमानांच्या हातात यंदा नवी वस्तू आहे: मुंबईत छापलेली हग्गादा, म्हणजे या रात्रीच्या विधीचं पुस्तक, हिब्रूच्या जोडीला मराठी. या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं मिसरमधल्या गुलामगिरीतून सुटल्याची हकिगत सांगतात. या विधीची एक अट आहे: ऐकणाऱ्याने ती पूर्वजांची गोष्ट म्हणून ऐकायची नाही, आपण स्वतः मिसरमधून बाहेर पडलो असं मानायचं. आतापर्यंत तुम्ही जो प्रवास केलात, तो हे लोक दरवर्षी एका रात्रीत करतात. आणि इथे तो मराठीत होतो आहे.

वॉर्सा, ३ ऑगस्ट १९४२

नोवोलिपकी रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेचं तळघर. तुमच्या हातात कुदळ आहे. शेजारी एकोणीस वर्षांचा दाविद ग्राबेर, त्याचा मित्र नाहुम ग्झिवाच आणि त्यांचे शिक्षक इझ्राएल लिख्टेनश्टाइन. समोर पत्र्याच्या दहा पेट्या.

नोव्हेंबर १९४० पासून जर्मनांनी चार लाखांहून अधिक ज्यू माणसं भिंतीआड कोंडली आहेत. १९०० साली जन्मलेले इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनी आतल्या आत एक गट उभारला. गट शनिवारी जमतो, म्हणून त्याचं सांकेतिक नाव ‘ओनेग शब्बात’, सब्बाथचा आनंद. शिक्षक, लेखक, रब्बी, कारकून, सगळेच नोंदी करतात. शिधापत्रिका, फलक, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, रोजनिश्या, छळछावणीतून निसटलेल्यांच्या जबान्या. रिंगेलब्लुम यांचा आग्रह असा, की आपल्यातल्यांचे दोषही लिहा. मारेकऱ्यांच्या कागदांवरून आपला इतिहास लिहिला जाऊ नये.

२२ जुलैला, आवच्या नवमीच्या पूर्वसंध्येला, ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे रेल्वेगाड्या सुटायला लागल्या. सप्टेंबर संपायच्या आत सुमारे २,६५,००० माणसं तिकडे नेली जातील. रस्त्यावर धरपकड चालू आहे, म्हणून तुम्ही घाई करता. लिख्टेनश्टाइन पेटीत आपलं मृत्युपत्र ठेवतात. त्यांना कौतुक नको आहे, गेले नावाची चित्रकार पत्नी आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गालित यांची आठवण राहावी एवढंच हवं आहे. दाविद आणि नाहुमही आपापलं मृत्युपत्र लिहितात. तुम्ही माती लोटता. या खोलीतलं कुणीही वाचणार नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये आणखी कागद पुरले गेले. १९ एप्रिलला, पेसाखच्या पहिल्या रात्रीच्या दिवशी, जर्मन फौज शेवटची सफाई करायला शिरली आणि उरलेल्यांनी मूठभर पिस्तुलं आणि घरगुती बाँब घेऊन महिनाभर झुंज दिली. रिंगेलब्लुम भिंतीबाहेरच्या एका तळघरात कुटुंबासह लपले होते. मार्च १९४४ मध्ये ते सापडले आणि मारले गेले. गटातली मोजकी माणसं युद्धातून वाचली. त्यांत पेट्यांची जागा ठाऊक असलेले हर्श वासेर होते.

१८ सप्टेंबर १९४६. भिंतीआडच्या त्या वस्तीच्या जागी विटांचे डोंगर आहेत. वासेर यांनी दाखवलेल्या ठिकाणी खणताना पहार पत्र्याला लागते. दहाच्या दहा पेट्या निघतात, पाणी शिरलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, पण वाचता येण्याजोगी. दुधाचे कॅन १९५० साली डिसेंबरात मिळाले. पुरलेला तिसरा साठा मात्र सापडला नाही. सुमारे ३५,००० पानं आज वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत आणि १९९९ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतीत नोंद केली. मार्गालितचं नाव त्यामुळेच तुम्हाला आत्ता वाचता आलं.

या साऱ्या प्रवासात ज्यांनी एक समाज तगवला त्यांत सेनापती जवळजवळ नाहीत. शवपेटीतून निसटलेला गुरू, शोकातून उठलेला वैद्य, निर्वासित मुद्रक, मुलांना आपल्या बोलीत गोष्ट सांगणारे कोकणातले तेली, कुदळ धरलेली दोन पोरं. हरतानाही लिहायचं आणि पुढच्या पिढीला शिकवायचं, एवढं त्यांनी सोडलं नाही. हे करायला राज्य लागत नाही, सैन्य लागत नाही. तुमच्या घरात जुनी पत्रं असतील, दुष्काळाच्या, फाळणीच्या, गाव सोडल्याच्या आठवणी सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्यापाशी बसा, लिहून घ्या आणि तारीख घाला. वाचणारं मूल कधी येईल ते आपल्याला माहीत नसतं. कागद मात्र त्याच्याआधी तयार असला पाहिजे.