कफ्फारा, क्रूस आणि पंडिता रमाबाई

हर्सूल म्हटले की लोकांना मध्यवर्ती कारागृह आणि तलाव आठवतो. औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण आमच्या वर्गातल्या मुलांचे प्रश्न पूर्वीचेच आहेत. एकदा उर्दूच्या तासाला 'कफ्फारा' हा शब्द आला. आम्ही अर्थ सांगितला : कसम मोडली तर दहा गरिबांना जेऊ घालायचे, तो कफ्फारा. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, ईसाई लोगां भी कफ्फारा बोलते. और सलीब तो सजा की चीज है ना? फिर गले में कायकू पहनते?"

त्या दिवशी आम्ही लहानपणापासून ऐकलेले उत्तर देऊन टाकले : एकाच्या गुन्ह्याची सजा दुसऱ्याला, हा कुठला इन्साफ? मुले हसली आणि तास संपला. पण मुलाने 'का' असे विचारले होते आणि आम्ही त्याला 'चूक' असे उत्तर दिले होते, ही गोष्ट मनाला लागून राहिली. मग आम्ही वाचायला बसलो.

ही सवय आम्हाला मुनाजऱ्यांच्या परंपरेतून आली आहे. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फाँडर यांचा दोन दिवसांचा मशहूर मुनाजरा झाला. वाद नस्ख आणि तहरीफ या दोन मुद्द्यांवरच थांबला. कफ्फाऱ्यापर्यंत गाडी आलीच नाही. पुढे १८५७ नंतर मौलानांना मक्केला जावे लागले आणि १८६४ मध्ये त्यांनी 'इजहारुल हक' लिहिले. इकडे मुंबईत १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. हे सारे वाद जिंकण्यासाठी होते. ते दिवसच तसे होते, राज्य परक्यांचे होते आणि पाद्री भरबाजारात आव्हान देत होते. म्हणून त्या बुजुर्गांना आम्ही दोष देत नाही. पण जिंकण्यासाठी विचारलेल्या प्रश्नातून समोरचा माणूस समजत नाही, हेही खरे.

आम्हाला वाटत होते की क्रूसाबद्दल ख्रिस्ती लोकांचा अकीदा एकच, पहिल्या दिवसापासून ठरलेला असेल. वाचल्यावर कळले की तसे नाही. येशू आमच्यासाठी मेला एवढे सगळे ख्रिस्ती मानतात. पण त्या मरणाने नेमके काय झाले, यावर मात्र त्यांच्यातच शतकानुशतके वाद चालू आहे. देवाच्या त्रिएक स्वरूपाबद्दल त्यांच्या मोठ्या धर्मपरिषदांनी ठराव केले. क्रूसाचा एकच अर्थ मात्र अशा परिषदेने कधी बांधून दिला नाही. आरंभीच्या काळात पुष्कळजण म्हणत, माणूस सैतानाच्या कैदेत होता, येशूचा जीव ही त्याच्या सुटकेची खंडणी. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याला हे पटले नाही. सैतानाचे देवाकडे कसले देणे? त्याच्या मते पापामुळे देवाच्या इज्जतीला बाध येतो. ते कर्ज माणसाने फेडायला हवे आणि फेडण्याची ताकद फक्त देवात आहे, म्हणून देव माणूस झाला. १०९८ मध्ये पुरे झालेल्या त्याच्या ग्रंथात जहागीरदार आणि रयतेच्या जगाचा वास येतो. पुढच्याच पिढीत फ्रान्सच्या आबेलार्डने वेगळा सूर लावला : क्रूस हे देवाच्या प्रेमाचे दर्शन आहे, ते पाहून माणसाचे मन पालटते. सोळाव्या शतकात लूथर आणि विशेषतः कॅल्विन यांनी भाषा कोर्टाची केली : आमची सजा त्याने भोगली. आमच्या मुनाजऱ्यांत 'ख्रिस्ती अकीदा' म्हणून जो येतो, तो मुख्यतः हा शेवटचा.

मूळ पापाचेही असेच. आदमच्या चुकीचा गुन्हा प्रत्येक बाळ जन्मतःच घेऊन येते, या मताला पक्के रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने. त्याचा प्रतिपक्षी पेलेजियस म्हणे, माणूस आपल्या इच्छेने नेक किंवा बद होतो. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे मत नाकारले. गंमत अशी की, ऑगस्टीनच्या हाती संत पौलाच्या पत्राचा लॅटिन तर्जुमा होता. ग्रीक मुळात 'कारण सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघतो. लॅटिनमध्ये तो 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असा झाला. एका छोट्या शब्दाने केवढा फरक! ग्रीक परंपरेतली पूर्वेकडची चर्चेस आदमकडून मरण आणि कमजोरी वारशाने येते असे मानतात, गुन्हा नव्हे.

मग आम्ही आपल्या मराठी मुलखाकडे वळलो. इंग्लंडहून आलेला जेझुइट फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात आदमच्या चुकीपासून क्रूसापर्यंतची सारी कथा मराठीत आली. पण ते पाद्रीने सांगितलेले होते. ऐकणाऱ्याने उलटून प्रश्न विचारला, तो पंडिता रमाबाईंनी.

रमाबाई संस्कृत शास्त्रांत तयार झालेल्या. दुष्काळात आई-बाप उपासमारीने गेले, पुढे १८८२ मध्ये पतीही गेले. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढले ते कफ्फाऱ्याच्या सिद्धांताने नव्हे. लंडनजवळ फुलहॅमला या जोगिणी वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा देत. ते पाहून त्यांचे मन फिरले. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्रैक्य कसे मानू, पाद्रीचा हुकूम माझ्या विवेकापेक्षा मोठा कसा, असे सवाल त्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून करत राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांनी हरकत घेतली. लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे जे संस्कृतात नाही, असा त्यांचा रोख होता. ही पत्रे पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली.

आठ वर्षे अशी गेली. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. येथून क्रूस त्यांच्यासाठी चर्चेचा विषय राहिला नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात जागा दिली. समाजाने ज्यांना जन्माने किंवा नशिबाने पापी ठरवले होते, त्यांना 'तुझे देणे फिटले' हे शब्द कसे ऐकू आले असतील? १९०५ मध्ये तिथे मुली आपल्या पापांसाठी ढसाढसा रडल्या, तासन्‌तास दुआ करत राहिल्या. रमाबाई मात्र अखेरपर्यंत शब्द तपासत राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचा तर्जुमा केला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यातून तो १९२४ साली प्रसिद्ध झाला.

हे सारे वाचून आमचा अकीदा बदलला का? नाही. हजरत आदमनी तौबा केली आणि अल्लाहने ती कबूल केली. कोणाचे ओझे दुसरा उचलत नाही. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) सुळावर गेलेच नाहीत. कुरआनची ही शिकवण आमच्यासाठी स्पष्ट आहे. फरक खरा आहे, तो लपवण्यात काही भलाई नाही. पण शब्द एकच आहे. अरबी 'कफ्फारा' आणि यहुद्यांच्या योम किप्पूरमधला 'किप्पूर' एकाच धातूचे, त्याचा अर्थ झाकणे असा सांगतात. गुन्हा झाकला जावा, ही गरज दोघांची. आमच्यात कफ्फारा चुकलेल्याने स्वतः द्यायचा. ते म्हणतात, आमची ऐपतच नव्हती, म्हणून दुसऱ्याने दिला.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले : "सजाची चीज आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, बेटा. म्हणूनच ते ती घालतात. आपण तसे मानत नाही. का मानत नाही तेही शीक, आणि ते का मानतात तेही."

या वेळी कोणी हसले नाही. त्याने वहीत 'कफ्फारा' या शब्दासमोर दोन अर्थ लिहिले आणि मध्ये एक रेघ ओढली.