डूमचं रेकॉर्डिंग, पण व्हिडिओ नाही

आज मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्डर चालू केला की झालं. 1993 च्या डूम गेममध्ये मात्र चित्र रेकॉर्डच व्हायचं नाही. सेकंदाला 35 वेळा फक्त खेळाडूची चाल, वळणं, गोळीबार एवढंच फाइलमध्ये लिहिलं जायचं. मग गेम स्वतःच ते परत खेळून दाखवायचा. रँडम आकडेसुद्धा 256 आकड्यांच्या ठरलेल्या तक्त्यातून यायचे, म्हणून राक्षस दरवेळी तस्सेच वागायचे. फाइल एवढीशी! पण व्हर्जन बदललं की घोळ. मी एक जुनी फाइल नव्या इंजिनवर लावली, तर हिरो भिंतीलाच धडका देत बसला. म्हणून पीआरबूमसारख्या इंजिनांनी जुने बग मुद्दाम जपलेत. ऑफिसात मला बग काढायचाच पगार मिळतो. इथे एक काढला, तर कुणाची तरी 1994 ची अख्खी खेळी गेली.