मिलिसेकंदाची किल्ली

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमच्या वेळी खरी सत्ता प्राध्यापकांची नव्हे, शिपाईकाकांची असे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. त्या कपाटात मेमरी ड्रम, टॅचिस्टोस्कोप, आरशात बघून चांदणी गिरवायचं साधन, मुलर-लायर भ्रमाची सरकती पट्टी आणि खालच्या फळीवर, कापडात गुंडाळलेला क्रोनोस्कोप. राजूरहून एम.ए.साठी पुण्याला गेलेल्या मला मन मोजायचं म्हणजे हे सगळं पितळ आणि लाकूड लागतं, याचंच आधी हसू आलं होतं. पुढे आयुष्यभर हेच शिकवलं. आता निवृत्त होऊन परत राजूरला आले आहे आणि पुतण्याच्या लॅपटॉपवर तेच प्रयोग फुकटात चालतात. या दोन टोकांच्या मधला इतिहास विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात लाइपझिगची. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी तिथे प्रयोगशाळा सुरू केली आणि तिचं मुख्य यंत्र होतं मथायस हिप यांच्या नावाचं घड्याळ, हिपचा क्रोनोस्कोप. सेकंदाचा हजारावा भाग दाखवायचा. पण त्याचे काटे विद्युतचुंबकाने सुटायचे आणि धरले जायचे, आणि विजेचा प्रवाह कमी-जास्त झाला की चुंबकाची पकडही मागेपुढे व्हायची. म्हणजे माणसाचा प्रतिक्रियाकाल मोजताना त्यात चुंबकाचाही काळ मिसळायचा. यावर वुंट यांच्या प्रयोगशाळेने काढलेला उपाय मला फार आवडतो: ठरावीक उंचीवरून एक हातोडा पाडायचा. तो पडायला किती वेळ लागतो हे माहीतच असतं, त्यावरून घड्याळ तपासायचं. गुरुत्वाकर्षणाला व्होल्टेज लागत नाही.

ही परंपरा आपल्याकडे कलकत्त्यामार्गे आली. वुंट यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला, त्यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता कलकत्ता विद्यापीठात. तिथे १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. पुणे विद्यापीठात १९५० साली विभाग निघाला तो ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ याच नावाने. या वंशावळीची खूण आमच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत होती. हेतू, साहित्य, सूचना, कोष्टक, निष्कर्ष हे तर असायचंच. पण त्याशिवाय एक रकाना असे ‘प्रयुक्ताचे आत्मनिवेदन’. प्रयोग ज्याच्यावर केला त्याने सांगायचं, मनात काय चाललं होतं. ‘मधेच भूक लागली’, ‘बाहेर मोटार वाजली’ असली वाक्यं आम्ही इमानदारीत उतरवून घ्यायचो. अमेरिकेत वर्तनवाद्यांनी वुंट यांच्या परंपरेतलं हे आत्मनिरीक्षण केव्हाच हद्दपार केलं होतं. आमच्या वह्यांत ते टिकलं, बहुधा कुणी पुसायचं विसरलं म्हणून. मला मात्र तो रकाना हुशारीचा वाटतो.

मग संगणक आले. मिलिसेकंदाचा प्रश्न आता सुटला, असं सगळ्यांना वाटलं. तो सुटला नव्हता, फक्त चुंबकातून उठून दुसरीकडे जाऊन बसला होता. डॉसवर चालणाऱ्या पीसीचं घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिकायचं, म्हणजे एका टिकटिकीला ५५ मिलिसेकंद. त्यात माणसांमाणसांतला २० मिलिसेकंदांचा फरक कुठे सापडणार? त्यासाठी घड्याळाची चिपच वेगळ्या रीतीने चालवावी लागे, आणि मानसशास्त्राच्या किती प्राध्यापकांना ते जमणार! वॉल्टर श्नायडर यांचं ‘मेल’, म्हणजे मायक्रो एक्सपेरिमेंटल लॅबोरेटरी, १९८८ मध्ये आलं ते ही डोकेदुखी उचलायला. १९९३ मध्ये मॅकिंटॉशवर ‘सायस्कोप’ आलं. त्यात प्रयोग चित्रांसारखा मांडता येई. पुढे ‘मेल’च्याच घराण्यातलं ‘ई-प्राइम’ जगभर पसरलं. ते चालवायला संगणकाला एक छोटी हार्डवेअर किल्ली लावावी लागे. कपाट गेलं, किल्ली राहिली.

पण संगणकाने दिलं तेही मोठंच. जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग घ्या. वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेली रंगांची नावं आणि शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप यांच्याकडे १०० शब्दांचं कार्ड आणि स्टॉपवॉच. नुसत्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, विसंगत शब्दांना ११०.३. निकाल भक्कम, पण अख्ख्या कार्डाचा. कुठल्या शब्दावर माणूस अडखळला हे त्या आकड्यात दिसत नाही. पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला तसा प्रत्येक शब्दाचा काळ सुटा मिळू लागला.

आणि २००० नंतर किल्लीही गेली. शेन म्युलर यांचं ‘पेबल’, नॉटिंगहॅमच्या जोनाथन पिअर्स यांचं ‘सायकोपाय’, २०१२ मध्ये सेबास्तियान मातोत आणि सहकाऱ्यांचं ‘ओपनसेसमी’: सगळी फुकट, आतला कोड उघडा. राजूरला पावसाळ्यात वीज किती वेळ राहील याचा नेम नसतो, पण तेवढ्या वेळात ‘सायकोपाय’ उतरवून घेता येतं. पुतण्याच्या मुलीने, अकरावीतल्या, मराठी स्ट्रूप मांडला. लाल, हिरवा, निळा, पिवळा. पहिल्यांदा पडद्यावर मात्रा भलतीकडे गेल्या, तेव्हा फॉण्ट बदलला. जुन्या सॉफ्टवेअरात लोक शब्दाचं चित्र करून टाकत, त्याचं कारण हेच.

निकाल बघून ती म्हणाली, “आजी, लालवर सगळे पटकन कसे दाबतात?”

मी म्हटलं, “नीट बघ, बाकीच्या तिघांत काय सारखं आहे?”

हिरवा, निळा, पिवळा. तिन्हींची सुरुवात वेलांटीच्या अक्षराने. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारताना नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीसाठी दाखवलं की अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागतो. शिवाय हिरवा आणि पिवळा तीन अक्षरांचे, ‘लाल’ दोनच. तिच्या निकालाचं कारण तेच असेल असं नाही, लाल रंग नुसता उठून दिसत असेल. पण इंग्रजीतला स्ट्रूप जसाच्या तसा मराठीत आणला तर रंगाबरोबर लिपीही मोजली जाईल, ही शंका सॉफ्टवेअर विचारत नाही. आम्ही हिरव्याऐवजी काळा घेतला.

मिलिसेकंद अजूनही लपतोच. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होतो, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. शब्द ५० मिलिसेकंद दाखव म्हटलं तर तीन फेऱ्यांत बरोबर बसतो. ४० म्हटलं तर ३३ मिळतील नाहीतर ५०. कीबोर्डची दिरंगाई वेगळी, मोबाइलच्या काचेची आणखी वेगळी. पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये बरीच पॅकेजेस यंत्र लावून तपासली. प्रयोगशाळेतल्या संगणकावर चांगल्या पॅकेजेसची अनिश्चितता मिलिसेकंदाच्याही आत आली, ब्राउझरमध्ये ती वाढली. आकडा मात्र दोन्हीकडे तितक्याच रुबाबात छापून येतो. क्रोनोस्कोपवर निदान कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नसे.

म्हणून मी मुलांना आधी ३० सेंटिमीटरची पट्टी देते. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर साधारण २०० मिलिसेकंद. तोच लाइपझिगचा हातोडा. मग लॅपटॉपवरचा आकडा घ्यायचा. तो पट्टीपेक्षा जास्त येतो, आणि त्यातलं बोटांचं किती, पडद्याचं किती, यावर वाद सुरू होतो. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण करून कळ दाबल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या चौकटी मोजल्या की एकेक चौकट ४ मिलिसेकंदांची पडते. मुलीने प्रयोगाच्या शेवटी एक रिकामी चौकटही टाकली आहे, प्रयुक्ताने काहीही लिहावं म्हणून. परवा त्यात एकाने लिहिलं, ‘बाहेर पेढ्यांचा वास येत होता.’ त्याचे शेवटचे दहा आकडे बघितले तर खरंच संथ होते.