परत आलेला सरनौबत

युद्धाच्या कथांमधील एक प्रसंग सर्व देशांत आवडीनें ऐकला जातो. एखादा नामांकित योद्धा रागानें किंवा दैवगतीनें आपल्या माणसांपासून दूर जातो, लोक त्याची आशा सोडतात, आणि पुष्कळ वर्षांनीं तो दारांत येऊन उभा राहतो. कथा पुराणकाळची असो, अथवा कल्पनेनें रचलेल्या भावी युगांतील असो, या ठिकाणीं ऐकणाराचे डोळे पाणावतात, आणि बहुधा कथाही येथेंच संपते. इतिहासाला मात्र पुढचा प्रश्न टाळतां येत नाहीं. परत आलेल्या माणसाला पदरांत घ्यावयाचें म्हणजे नेमकें काय काय परत द्यावयाचें? या प्रश्नाचें उत्तर देणारा पुरुष आपल्या ठाणें-कल्याणच्या शेजारचाच आहे. तो म्हणजे नेताजी पालकर.

नेताजीचें घराणें कल्याणच्या दक्षिणेस, खालापुराजवळील चौक गांवचें असें सांगतात. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व कल्याणच्या खाडीवर आरमाराचा पाया घातला. त्याच सुमारास घोडदळाची सरनौबती नेताजीकडे आली. १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं अफजलखान पडल्यावर विजापूरच्या मुलखांत खोलवर मुसंडी मारणारा सरदार तो हाच. लोक त्याला 'प्रतिशिवाजी' म्हणत. याहून मोठी पदवी त्या काळीं कोणती असणार?

पुढें १६६५ चा जून महिना आला. पुरंदरच्या तहानें तेवीस किल्ले मोंगलांच्या हातीं गेले. त्यांत आपल्या शहापूरजवळचा माहुलीही होता. तहाप्रमाणें महाराजांना मिर्झाराजे जयसिंगाच्या बाजूनें विजापूरकरांशीं लढावें लागलें. १६ जानेवारी १६६६ रोजीं त्यांनीं पन्हाळ्यावर छापा घातला. नेताजी वेळेवर पोंचला नाहीं. हल्ला फसला आणि सुमारें एक हजार माणसें कामास आलीं. महाराजांनीं त्याला सरनौबतीवरून दूर केलें. त्याच्या जागीं कुडतोजी गुजर आला आणि प्रतापराव या किताबानें प्रसिद्ध झाला. अपमानित नेताजी प्रथम विजापूरकरांकडे गेला. नंतर जयसिंगानें पंचहजारी मनसब देऊन त्याला मोंगलांकडे ओढलें.

ज्या चाकरीसाठीं त्यानें स्वराज्य सोडलें, तिनें त्याला वर्षभरही मानानें ठेवलें नाहीं. १६६६ च्या ऑगस्टांत महाराज आग्र्याहून निसटले आणि बादशहाचा संशय नेताजीकडे वळला. ऑक्टोबरांत धारूरच्या छावणींत त्याला कैद करून उत्तरेस पाठविण्यांत आलें. १६६७ सालीं त्याचें धर्मांतर करण्यांत आलें, महंमद कुलीखान असें नांव ठेवण्यांत आलें, आणि त्याची रवानगी दूर काबूलच्या मोहिमेवर झाली. सह्याद्रीचा स्वार अफगाणिस्तानच्या डोंगरांत वर्षांमागून वर्षें परक्यासाठीं लढत राहिला.

इकडे १६७० च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुली परत घेतला. किल्ला तलवारीनें परत मिळवितां येतो. माणूस तसा मिळवितां येत नाहीं. त्यानें स्वतः यावें लागतें, आणि त्याच्यासाठीं दार उघडें असावें लागतें. १६७६ सालीं दिलेरखानाच्या फौजेबरोबर दक्षिणेंत आलेला नेताजी ती फौज सोडून महाराजांकडे आला. १९ जून १६७६ रोजीं त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्यांत आलें. जेधे शकावलींत या घटनेला उणीपुरी एक ओळ मिळाली आहे.

त्या ओळीचें वजन ओळखण्यासाठीं तो काळ आठवला पाहिजे. समाजांतून बाहेर पडण्याच्या वाटा पुष्कळ होत्या, आंत येण्याची वाट जवळ जवळ बुजलेली होती. बजाजी निंबाळकराच्या उदाहरणानें ती वाट पूर्वीं एकदां मोकळी झाली होती. त्या वेळीं महाराजांनीं आपली कन्या सखुबाई बजाजीच्या मुलास, महादजीस, देऊन घराच्या सोयरिकीनेंच शंकाखोरांचीं तोंडें बंद केलीं. नेताजीच्या वेळीं महाराज अभिषिक्त राजे होते आणि धर्मनिर्णयासाठीं पंडितराव हें पद अष्टप्रधानांत होतें. तेव्हां नेताजीला परत घेण्यांत केवळ जुन्या स्नेहाची कणव नव्हती. ती राज्याच्या सिंहासनासमोर झालेली गोष्ट होती.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नेताजीला सरनौबती परत मिळाली नाहीं. १६७४ पासून त्या पदावर हंबीरराव मोहिते होते आणि १६८७ त लढाईंत पडेपर्यंत तेच राहिले. येथें ग्रीस देशांतील एक उदाहरण आठवतें. अथेन्सचा सेनानी आल्किबायडीझ शत्रूला, म्हणजे स्पार्टाला, जाऊन मिळाला. पुढें इराणी सुभेदाराच्या आश्रयास राहिला. ख्रिस्तपूर्व ४०७ मध्यें तो परतला तेव्हां हर्षभरित नगरानें त्याच्या हातीं संपूर्ण सेनापतित्व दिलें. पुढल्याच वर्षीं नोटियमला पराभव झाला आणि त्याच नगरानें त्याला पुन्हां टाकलें. अथेन्सनें त्याला एकदम सर्व कांहीं देऊन टाकलें, आणि त्यामुळें पहिल्या अपयशासरशी सर्व कांहीं हिरावूनही घेतलें.

महाराजांनीं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. धर्म, जात, नांव आणि आपलेपणा हें माणसाचें. तें त्याला पुरतें परत दिलें. सरनौबती राज्याची, ती ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच राहिली. पन्हाळ्याखालीं पडलेल्या हजार माणसांचा हिशेब त्यामुळें पुसला गेला नाहीं, आणि नेताजीही कायमचा बाहेर राहिला नाहीं. आपल्या घरांतूनही कोणी रागानें उठून जातो आणि वर्षांनीं परततो. तेव्हां आपण एक तर दार लावून घेतों, नाहीं तर जणूं कांहीं घडलेंच नाहीं असें सोंग करतों. या दोहोंच्या मधली वाट अवघड आहे. पण १६७६ च्या आषाढांत महाराष्ट्रानें ती चालून दाखविली आहे.