स्टार क्वार्टरबॅक आणि कच्चा कोच

प्रोजेक्ट माणसावर चालतं की मॅनेजरवर? हा वाद आमच्याकडे दर रिलीजनंतर ठरलेला. या शनिवारी म्हटलं, जिथे याचा हिशोब स्कोअरबोर्डवर लिहिलेला असतो तिथेच जाऊन बघू. म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक डावात बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. आणि हा हुकमी एक्का दुसऱ्या कॉलेजमधून आणता येतो. मग प्रश्न असा, की कोच कच्चा असेल तर असा आयात केलेला स्टार टीमला तारून नेतो का?

माझं आवडतं उदाहरण अलाबामा राज्यातल्या ऑबर्नचं. २००९ मध्ये तिथे जीन चिझिक हेड कोच झाला. त्याआधी आयोवा स्टेटमध्ये दोन वर्षांत त्याच्या नावावर ५ विजय आणि १९ पराभव! ऑबर्नमध्ये पहिल्या वर्षी ८ जिंकले, ५ हरले. ठीकठाक.

२०१० मध्ये आला कॅम न्यूटन. फ्लोरिडात टिम टिबोच्या मागे बेंचवर बसलेला, मग टेक्ससच्या ब्लिन या ज्युनियर कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला. ऑबर्नमध्ये त्याने कहर केला. ३० टचडाउन पास, वर पळून आणखी २०. अलाबामाच्या मैदानावर ०-२४ असे मागे असताना सामना २८-२७ ने जिंकला. १४ पैकी १४ विजय, राष्ट्रीय विजेतेपद, न्यूटनला हाइझमन ट्रॉफी. आणि चिझिकला? वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून बेअर ब्रायंट पुरस्कार :)

न्यूटन एनएफएलमध्ये गेला. २०११ मध्ये ऑबर्न परत ८-५. मग आक्रमणाची आखणी करणारा कोओर्डिनेटर गस मॅल्झानही गेला. २०१२ चा आकडा ३-९! शेवटचा सामना अलाबामाकडून ०-४९ ने हरले आणि दुसऱ्या दिवशी चिझिकला नारळ.

आपण डीबगिंग करताना एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो. इथे इतिहासाने जवळपास तेच केलंय. विजय बघा: ८, १४, ८, ३. न्यूटन आला तर सहा वाढले, गेला तर सहा घटले. मॅल्झान गेल्यावर आणखी पाच घटले. (प्रयोग अगदी शुद्ध नाही. निक फेअरलीसारखा दादा डिफेंडरही २०१० नंतर गेलाच.) पुढची गंमत म्हणजे २०१३ मध्ये मॅल्झान हेड कोच म्हणून परतला. त्याने कॅन्ससच्या एका ज्युनियर कॉलेजमधून निक मार्शल हा क्वार्टरबॅक आणला आणि तीच ऑबर्न १२-२!

म्हणजे न्यूटनने कच्च्या कोचिंगवर मात केली असं म्हणणं अर्धंच खरं. हेड कोचचा कच्चेपणा त्याने एक सीझन झाकला, आणि तोही शेजारी एक पक्का कोच होता म्हणून.

तो शेजारचा कोच फक्त आक्रमणापुरताच पक्का असेल तर काय होतं, ते यूएससीत दिसलं. केलेब विल्यम्स ओक्लाहोमातून तिथे आला, २०२२ ची हाइझमन जिंकला. पण डिफेन्स म्हणजे चाळणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ४२ गुण करूनही हरले, कारण समोरच्यांनी ५२ केले. दुसऱ्याच दिवशी डिफेन्सच्या कोओर्डिनेटरला काढलं. आपल्याला हे दुखणं नवीन नाही. २००९ मध्ये हैदराबादला सचिनने १७५ काढले आणि आपण ३ धावांनी हरलो. बॉलिंग काही त्याच्या हातात नव्हती!

आता कबुलीजबाब. माझ्या एका जुन्या कंपनीत असाच एक 'न्यूटन' बाहेरून आला होता. त्याने वर्षभर रिलीज ओढून नेले, मॅनेजरला प्रमोशन मिळालं. फीडबॅक फॉर्मवर त्या मॅनेजरला फुल मार्क्स देणाऱ्यांत मीही होतो. न्यूटन सोडून गेला आणि पुढचे सहा महिने रात्रीचे कॉल घेताना मला कळलं, की मी मार्क्स कोणाचे कोणाला दिले होते.

असो. पुढच्या अप्रेझलला फॉर्म भरताना एकदा ऑबर्नचे आकडे आठवा. ८, १४, ८, ३.